मिरचीचे तेल, ओव्याचे फूल आणि रोशाचे गवत
(केशोरी, जि. गोंदिया येथील बैठकीत झालेले भाषण)



केशोरीत बैठक ठरली तेव्हा यवतमाळ-वर्ध्याकडच्या कार्यकर्त्यांनी विचारले, तिकडे सगळ्या धानाच्या बांध्या, आमच्या कपाशी-ज्वारीवाल्यांचे तिथे काय काम? धान आहे हे खरे. पण विदर्भाच्या बाजारात केशोरीचे नाव निघते ते मिरचीसाठी, आणि आजचा विषय या मिरचीवरूनच निघाला आहे. तो नीट कळला तर कपाशीवाल्यालाही त्याचा उपयोग आहे. किंबहुना, त्यालाच जास्त आहे.

प्रश्न असा. गावोगावी पत्रके फिरताहेत. "वाफेवर मसाल्याचे तेल काढा, कच्चा माल विकणे सोडा, प्रक्रिया करा, दहापट कमवा." सोबत एका चकचकीत भट्टीचे चित्र. मिरचीचे तेल, हळदीचे तेल, ओव्याचे तेल, सगळे म्हणे एकाच भट्टीतून निघते. दोन-तीन गटांनी सभासदांकडून गोळा केलेली रक्कम त्यात घालायची तयारी केली आहे. ही रक्कम म्हणजे कुणाच्या घरची बोकडविक्री, कुणाचा विम्याचा पैसा, बायांच्या बचतीचे दर महिन्याचे शंभर-शंभर रुपये. म्हणून आज घोषणा नकोत, हिशेब करू.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. मिरचीसाठी ही भट्टी घेऊ नका. ओव्यासाठी घ्यायची तर विचार करून घ्या. आणि ज्याचे नाव त्या पत्रकात बहुतेक नसतेच, त्या गवतासाठी घेण्यासारखी आहे. आता का ते ऐका.

भट्टी म्हणजे काय हे या मुलखात मला शिकवायची गरज नाही. हसू नका, मोहाची भट्टी कशी चालते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खाली जाळ, भांड्यात सडलेला मोहा, वर नळी, नळी थंड पाण्यातून काढलेली आणि शेवटी बाटली. तेलाची भट्टी दिसायला अगदी तशीच. म्हणून गटाने भट्टी लावायची झाली तर पहिल्या दिवशी ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलाला लेखी कळवून ठेवा, नाहीतर आधी छापा आणि मग चौकशी.

पण आतले काम वेगळे आहे. मोह्यातली दारू ७८ अंशाला उकळते, पाणी १०० ला. दारू आधी उडते, सोपी गोष्ट आहे. तेलाचे उलटे आहे. ओव्यातले मुख्य द्रव्य थायमॉल. ते एकटे उकळायचे तर २३० अंशांच्या वर जावे लागते. रोशा गवतातल्या जिरॅनिऑलचेही तसेच. एवढ्या आचेवर सुगंध करपून जाईल. मग पाण्याच्या साध्या वाफेवर ते निघते कसे?

उकळणे म्हणजे भांड्यातल्या वाफेने बाहेरच्या हवेच्या दाबाला हटवणे. पाणी हा भार एकटे उचलते तेव्हा त्याला १०० अंशांची ताकद लागते. आता त्याच भांड्यात पाण्यात न मिसळणारे तेल आहे. तेही आपल्या परीने थोडा जोर लावते. दोघांचा जोर मिळून भार उचलला जातो, म्हणून १०० च्या किंचित अलीकडेच दोघे मिळून उडतात. पाणी मोठ्या बैलासारखे, तेल गोऱ्ह्यासारखे, पण जू एकच. नळीत थंड झाले की पुन्हा वेगळे होतात, तेल वर तरंगते आणि पाणी खाली बसते. लवंगेचे तेल तेवढे पाण्याहून जड, ते तळाशी जाते.

या जुवात गोऱ्हा निदान चालणारा तरी हवा. ज्या द्रव्याला १०० अंशांजवळ उडण्याची काहीच ताकद नाही ते वाफेबरोबर येत नाही. जन्मात येत नाही. सरकीचे तेल आपण घाण्यातून काढतो. सरकी वाफेवर ठेवून बघा, थेंब निघणार नाही. सरकीचे, तिळाचे, करडईचे तेल हे स्थिर तेल, आणि ओव्याचे, निलगिरीचे, गवती चहाचे उडणारे तेल. कागदावर एकेक थेंब टाकून वाऱ्यावर ठेवा. सरकीचा डाग राहील, ओव्याचा उडून जाईल. कुणी कुठलेही "मसाल्याचे तेल" दाखवले तर आधी हा कागद पुढे करा.

आता मिरची. मिरचीची किंमत दोन गोष्टींची, तिखटपणा आणि रंग. तिखटपणा कॅप्सायसिनचा. ते त्या आचेवर जवळजवळ उडतच नाही. लाल रंग कॅप्सँथिन आणि त्याच्या भावंडांचा. तो तर वाफ होण्याआधी तुटतो. उडणारे सुगंधी तेल मिरचीत नगण्य. म्हणजे क्विंटलभर मिरची भट्टीत घालून दिवसभर जाळ केलात तर नळीतून मिरचीचा वास लागलेले पाणी येईल, आणि ज्याचे पैसे मिळायचे ते सगळे खाली भांड्यात शिजून लगदा होऊन बसेल. ती मिरची मग सातऱ्यावरही कुणी घेणार नाही.

"पण मिरचीचा अर्क तर परदेशात जातो, हे आम्ही वाचले आहे." बरोबर वाचले आहे. त्याला ओलिओरेझिन म्हणतात. ते विद्रावकाने काढतात. मिरचीची भुकटी हेक्झेन, अॅसिटोन किंवा इथाइल अॅसिटेटसारख्या द्रवात भिजवायची, रंग आणि तिखट त्यात उतरले की तो द्रव उडवून परत गोळा करायचा. उरतो तो दाट लाल अर्क. या धंद्यात केरळ पुढे आहे. कोलेनचेरीची सिंथाइट कंपनी १९७२ सालची. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने अशा तंत्रावर मोठे काम केले. हे विद्रावक पेट्रोलसारखे पेट घेतात, आणि अर्कात त्यांचा अंश किती राहिला हे मोजून द्यावे लागते. तो कारखान्याचा उद्योग आहे, समाजमंदिराच्या मागच्या पडवीत करायचा नाही. कुणी केलाच तर बातमी वर्तमानपत्रात येईल, पण भाववाढीची नसेल.

मग केशोरीच्या मिरचीने करायचे काय? अर्क काढणारा कारखाना मिरची घेताना रंग मोजतो, तिखट मोजतो, ओलावा पाहतो आणि बुरशीचे विष तपासतो. अफ्लाटॉक्सिन हे नाव लक्षात ठेवा. युरोपात मिरचीला एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम आहे. मातीवर वाळवलेली, रात्री दवात भिजलेली, ओलसर असतानाच चुंगडीत कोंबलेली मिरची तिथे नापास होते. ज्या पैशात भट्टी येते त्यात वाळवणाचे स्वच्छ ओटे, ताडपत्र्या आणि ओलावा मोजायचे यंत्र येऊन पैसे उरतील. मिरचीवाल्यांनी आज एवढेच ठरवले तरी बैठक वसूल झाली.

हळदीचेही थोडक्यात. पिवळा रंग कुरक्युमिनचा, तोही वाफेबरोबर येत नाही. गड्ड्यातले उडणारे तेल येते, पण ते काढायला विकाऊ हळद भट्टीत घालणे म्हणजे गाय विकून दावे घेणे. हळदीच्या पानांत मात्र तेल असते, आणि पाने आपण बांधावर फेकतो. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता ओवा. बुलढाण्याकडे, नंदुरबारकडे कोरडवाहूत ओवा पिकतो. दाण्यात तेल २ ते ४ टक्के आणि त्या तेलात साधारण ३५ ते ६० टक्के थायमॉल. तेल थंड ठेवले की थायमॉलचे पांढरे खडे बसतात. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात त्याला ओव्याचे फूल म्हणतात. कापूर, पुदिन्याचे फूल आणि हे फूल एकत्र केले की तिन्ही विरघळून अमृतधारा होते, ती आपल्या आज्यांच्या फडताळात असायची.

या फुलाची एक कथा आहे. १९१४ पूर्वी हिंदुस्थानातला ओवा पोत्यांनी जर्मनीला जायचा. तिथे थायमॉल निघायचे आणि औषध होऊन जगभर विकले जायचे. पोटातल्या हुकवर्मवर त्या काळी तेच औषध होते. ओवा आपला, जंतही आपल्या मजुरांच्या पोटात, आणि मधली सगळी कमाई हँबुर्गकडे. युद्ध पेटले, वाट बंद झाली, तेव्हा सरकारला कळले की भट्टी इथेही लागू शकते. चंदनाचे तसेच झाले. लाकूड जर्मनीला जाणे थांबले आणि म्हैसूर संस्थानाने १९१६ साली बंगलोरला चंदनतेलाचा कारखाना काढला.

ही कथा पत्रकवाल्यांनाही आवडेल. पण पुढचा भाग ते सांगत नाहीत. आज जगातले बहुतेक थायमॉल शेतातून येत नाही. ते डांबर आणि पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या मेटा-क्रेसॉलमधून कारखान्यात बनते. ओव्याच्या तेलाला गिऱ्हाईक आहे, पण त्याच्या डोक्यावर कारखान्याच्या मालाचा भाव कायम बसलेला असतो.

आता हिशेब. एक क्विंटल ओवा भरडून घातला, ३ किलो तेल आले असे धरा. ओव्याचा भाव किलोला १२० रुपये धरा. आजचा भाव काय ते तुम्ही बाजार समितीतून आणा, मी फक्त रीत दाखवतो. १२,००० रुपयांचा ओवा ३ किलो तेलावर वाटला की किलोमागे ४,००० रुपये नुसत्या दाण्याचेच झाले. त्यावर सरपण, दोन माणसांची दिवसाची मजुरी, भट्टीची झीज. म्हणजे तेलाचा भाव दाण्याच्या भावाच्या तेहतीसपटीहून बराच वर असेल तरच जाळ पेटवण्यात अर्थ. व्यापाऱ्याला तेलाचा भाव विचारा आणि तिथेच भागाकार करा. बहुतेक वेळा साफ, ठसठशीत ओवा दाणा म्हणूनच विकणे परवडते. भट्टीत घालायचा तो चाळणीखालचा. फुटका, बारीक, काडीकचऱ्याचा, ज्याला आडतीत कुणी विचारत नाही.

प्रक्रिया केली की पैसा वाढतो, हे वाक्य आपणही व्यासपीठावरून पुष्कळदा म्हणतो. ते नेहमी खरे नसते. ज्या मालाला स्वतःचा भाव आहे तो जाळायला काढताना दहादा मोजावे. ज्याला भाव नाही, जसे चाळणीखालचा ओवा, हळदीची पाने, त्यातून निघेल तो प्रत्येक थेंब कमाईच.

आणि म्हणून मी गवताकडे येतो. कपाशीवाल्यांनी आता सरसावून बसावे.

रोशा गवत. काही ठिकाणी तिखाडी म्हणतात. मेळघाटात, सातपुड्यात, आपल्या जंगलांच्या कडेला हे आपोआप उगवते. पान चुरगाळले की गुलाबासारखा वास येतो. इंग्रज त्याच्या तेलाला पामरोसा म्हणत. खानदेशात पिंपळनेर, नंदुरबारच्या बाजूला एकोणिसाव्या शतकात रानात भट्ट्या लावून हे तेल निघत होते. ते मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे तुर्कस्तानात जायचे, आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरायचे. म्हणजे युरोपच्या राण्यांनी लावलेल्या गुलाबात आपल्या भिल्ल-पावऱ्यांच्या रानातले गवत होते. त्यांना मोबदला काय मिळाला असेल ते सांगायला नको.

याच्या दोन जाती, मोतिया आणि सोफिया. रानात दोन्ही भेटतात आणि दिसायला सारख्याच. किंमत मोतियाची, तिच्या तेलात जिरॅनिऑल ७५-८० टक्क्यांच्या वर असते. सोफियाचे तेल हलके. म्हणून रानातून मुळ्या उपटून आणू नका. लखनौची केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था, सीमॅप, हिने तृष्णा, पीआरसी-१ असे वाण काढले आहेत, तेच बी आणा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, तिथेही जाऊन विचारा. बी अगदी बारीक असते, वाळूत मिसळून गादीवाफ्यावर टाकायचे आणि पावसाळ्यात रोपे लावायची. एकदा लावले की चार-पाच वर्षे टिकते. पाणी साचलेले चालत नाही, म्हणून केशोरीकरांनी धानाच्या बांधीत लावू नये, टेकाडावर लावावे. मुरमाड, हलकी, जिथे कपाशी गुडघ्याच्या वर जात नाही अशी जमीन त्याला पुरते. आणि मुख्य गोष्ट, रोही आणि रानडुक्कर त्याच्या वाटेला जात नाहीत. वास उग्र असतो. ज्यांनी रात्र-रात्र मचाणावर बसून ज्वारी राखली आणि शेवटी ज्वारी पेरणेच सोडले, त्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

तेल किती? हिरव्या गवतात साधारण अर्धा टक्का. एक टन गवताला ५ किलो. एका कापणीत एकरी ४ टन गवत आले तर २० किलो. कपाशीतून तिसरा हिस्सा रुई निघते म्हणून कापूस जिनिंगपर्यंत नेणे परवडते. इथे दोनशेवा हिस्सा निघतो. गवत तालुक्याला नेले तर भाड्यातच मेलात. भट्टी शिवारातच पाहिजे, बंडीच्या पल्ल्यात.

आता भट्टीचे खरे दुखणे, जे चित्रात दिसत नाही. सरपण आणि पाणी. एक लिटर पाण्याची वाफ करायला बऱ्यापैकी भट्टीतही अर्धा ते पाऊण किलो वाळले लाकूड लागते. ५०० किलो गवताच्या खेपेला चार तास, तासाला ५० लिटर वाफ धरली तर २०० लिटर वाफ, म्हणजे १०० ते १५० किलो लाकूड. तेल निघणार अडीच किलो. हे लाकूड विकत घेतले किंवा जंगलातून ओढले तर धंदा बसला, आणि जंगलही गेले. पण तेल काढलेला चोथा वाळवला की त्याच खेपेचा दीडशे किलोच्या आसपास वाळला चारा उरतो. तोच पुढच्या खेपेला जाळायचा. पऱ्हाटीही चालते, पण पऱ्हाटी मोकळी होते माघ-फाल्गुनात आणि गवताची मोठी कापणी येते दिवाळीच्या सुमारास, म्हणून तिच्यावर भिस्त नको. पहिल्या चार-पाच खेपांचे जळण आधी जमवा.

पाण्याचे असे की एक लिटर वाफ थंड करायला वीस-पंचवीस लिटर पाणी नळीभोवती फिरवावे लागते. एका खेपेला चार-पाच हजार लिटर. ते खर्च होत नाही, फक्त तापते, रात्रभर निवले की पुन्हा चालते. शेततळे किंवा पक्के टाके असेल तिथेच भट्टी लावा. टँकरच्या गावात हा खेळ करू नका. पाणी कमी पडून नळी तापली की वाफ तशीच बाहेर जाते, आणि तेलही.

कामाच्या चार गोष्टी सांगतो. गवत फुलोऱ्यावर असताना कापा, काही तास सावलीत कोमेजू द्या, पण ढीग घालून तापू देऊ नका. भांड्यात सारखे दाबून भरा. सैल भरले की वाफ उंदरासारखी बीळ करून निघून जाते आणि बाजूचे गवत कोरडेच राहते. गवत जाळीवर, पाणी जाळीखाली, दोघांचा स्पर्श नको. ओवा मात्र घालायच्या वेळीच भरडा, आदल्या दिवशी भरडला तर तेल गावाला वास देत उडते. ओव्याच्या वेळी नळी फार गार ठेवू नका. थायमॉल पन्नास अंशांच्या आसपास गोठते, खडे नळीत बसले की वाट तुंबते. तुंबलेली भट्टी म्हणजे बॉम्ब. वाट नेहमी उघडी पाहिजे, दाब साठवायचा नाही. दाबाचा बॉयलर घ्यायचा असेल तर त्याला सरकारी तपासणी लागते, तिच्याशिवाय हात लावू नका. लोखंडी भांड्यात ओव्याचे तेल काळवंडते, स्टीलच घ्या. तेल प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरू नका. गडद काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या बाटलीत, गळ्यापर्यंत, पाण्याचा थेंब न ठेवता.

भावाबद्दल विचाराल. भाव हलतो. पुदिन्याचे तेल बघा, बाराबंकीचा शेतकरी त्यावर जगतो. २०१२ साली किलोला २,००० रुपयांच्या वर गेले, नंतर निम्म्याखाली आले. त्याच वर्षी जर्मनीच्या बीएएसएफने कारखान्यात मेन्थॉल बनवायला सुरुवात केली. जिरॅनिऑलही कारखान्यात बनते. म्हणून सगळे वावर गवताखाली घालू नका, पडीक आणि हलका तुकडा घाला. एका भट्टीला दिवसाला दोन खेपा, वीस दिवसांचा हंगाम धरला तर २० टन गवत पुरवावे लागते, म्हणजे कापणीला पाच एकर. एकट्याचे काम नाही, पण गावाचे आहे. आणि तेल विकायच्या आधी शंभर मिलिलिटर नमुना प्रयोगशाळेत देऊन त्यात जिरॅनिऑल किती ते कागदावर आणा. कागद नसला की व्यापारी नाकाने भाव ठरवतो, आणि त्याचे नाक नेहमी त्याच्याच बाजूचे असते.

पैसे भरण्यापूर्वी प्रत्येक गटाने एक प्रयोग करावा. पाच लिटरचा कुकर घ्या. शिटी काढा आणि त्या तोंडाला उष्णता सोसणारी मोकळी नळी बसवा, ती बादलीतल्या गार पाण्यातून काढून बाटलीत सोडा. आत जाळी, खाली पाणी, जाळीवर पातळ कापडात बांधलेला माल, म्हणजे दाणा तोंडाशी जाऊन वाट अडवणार नाही. जाळ मंद ठेवा आणि कुकरजवळून हलू नका. पहिल्यांदा अर्धा किलो केशोरीची मिरची घाला. बाटलीतले पाणी जिभेला लावून बघा, तिखट लागते का, रंग आला आहे का. मग अर्धा किलो भरडलेला ओवा घाला, वर १०-१५ ग्रॅम तेलाचा थर दिसेल. तिसऱ्यांदा तुमच्या धुऱ्यावरचे तिखाडी गवत. यंत्र विकणारा आला की त्याच्यासमोर पुन्हा मिरची घाला, आणि त्यालाच म्हणा, दाखव तेल.

हा प्रयोग ज्या गावांत होईल त्यांनी तीन आकडे लिहून पुढच्या बैठकीला आणावेत. घातलेला माल, निघालेले तेल, लागलेला वेळ. चौथा आकडा, गटाच्या शिवारात टाक्याजवळ पडीक किती एकर. भट्टीच्या रकमेचा ठराव त्यानंतर मांडू.